वाचक विचारतात : कुत्र्याचं चित्र नको, आतली मोटर बघा

या वेळी सगळी पत्रं फोनोग्राफ आणि ग्रामोफोनचीच घेतलीयेत. साचली होती बरीच. एक गोष्ट आधीच सांगतो, जवळजवळ प्रत्येकाने फोटो पाठवलाय तो बाहेरून, कर्ण्याचा आणि पेटीवरच्या चित्राचा, आणि मला बघायचं असतं ते नेमकं आत. पुढच्या वेळी प्लीज पेटीचं फळकूट उघडून मोटरचा एक फोटो पाठवा, साऊंडबॉक्सचा (सुई जिथे बसते ते गोल डोकं) मागून एक आणि स्क्रूंचा जवळून एक. तेवढ्यावर निम्मं काम होतं.

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिस्टरांनी मोठा पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आणला, अठरा हजारांना. पेटीवर कुत्र्याचं चित्र आहे. दुकानदार म्हणाला 1905 चा आहे, एका वाड्यातून आलाय. वाजतो, पण आवाज चिरका येतो आणि गाणं संपायच्या जरा आधी सुई अडकायला लागते. खरा आहे ना? – एक वाचक, सांगली

ताई, मिस्टरांनी हौसेने आणलाय त्यामुळे लिहिताना जड जातंय, पण हा 1905 चा नाही. जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर काढून नव्या पेटीत बसवलीय आणि वर नवीन कर्णा लावलाय. असे हजारोंनी बनलेत, आपल्याच देशात, आणि इथून जगभर गेलेत. माझा स्वतःचा पहिला ग्रामोफोन असाच निघाला होता, नोकरी लागल्यावर दोन महिन्यांचा पगार साठवून घेतलेला, एका दुकानातून, आणि मला ते कळायला तीन वर्षं लागली कारण मी पण चित्रच बघत बसलो होतो.

आता कशावरून म्हणतोय ते सांगतो. पहिलं म्हणजे कुत्रा. तुमच्या दुकानदाराने 1905 सांगितलं, पण ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे एचएमव्हीवाल्यांनी, आपल्या तबकड्यांच्या लेबलवर कुत्रा आणला 1909 च्या सुमारास. त्याआधी लेबलवर पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत असायचा. चित्र खरं तर जुनं आहे, फ्रान्सिस बॅरो नावाच्या इंग्रज चित्रकाराने काढलेलं, कुत्र्याचं नाव निपर. मजा अशी की मूळ चित्रात निपर ग्रामोफोनसमोर नव्हताच, तो सिलिंडरच्या फोनोग्राफसमोर बसलेला होता. 1899 मध्ये कंपनीने शंभर पौंडांना चित्र आणि त्याचे हक्क घेतले ते या अटीवर की फोनोग्राफ पुसून तिथे आमचं मशीन रंगव. म्हणजे त्या प्रसिद्ध चित्रात रंगाच्या थराखाली अजून फोनोग्राफ आहे! असो. सांगायचं एवढंच की कुत्र्याचा स्टिकर आज कोणीही छापतो, तो पुरावा नाही.

दुसरं, कर्णा. त्या काळातले कंपनीचे मोठे कर्णे बहुतेक पत्र्याचे, रंगवलेले, फुलाच्या पाकळ्यांसारखे असायचे आणि महागड्या मॉडेलना ओक नाहीतर महोगनी लाकडाचे. पितळ असायचं ते जास्त करून अगदी सुरुवातीच्या छोट्या कर्ण्यांना, तेही कधी फक्त तोंडाशी. एवढा मोठा, पातळ पत्र्याचा, सोन्यासारखा चकचकीत पितळी कर्णा दिसला की मी आधी शंका घेतो. आणि कर्णा जिथे मागच्या बाजूला पेटीला जोडलाय तो वाकडा जाडजूड ओतीव पाइप बघा, तुमच्या फोटोत त्यावर कानसीचे ओरखडे दिसतायत. कारखान्यातला माल तसा सुटत नसे.

तिसरं, स्क्रू. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू 1930 नंतरच बाजारात आले. तुमच्या पेटीला तसे चार आहेत.

आणि सुई अडकते त्याचं कारण हेच सगळं. टोनआर्मची, म्हणजे साऊंडबॉक्स धरणाऱ्या दांडीची, लांबी आणि थाळीच्या मधल्या खुंटीपासूनचं अंतर याचा एक हिशोब असतो, तो खऱ्या मशीनमध्ये बसवलेला असतो, या जोडकामात अंदाजाने भोक पाडलेलं असतं, मग सुई आत आत जाताना तिरकी होत जाते आणि शेवटी खाच सोडते किंवा कातरते. म्हणून माझी कळकळीची विनंती, यावर घरातल्या जुन्या तबकड्या लावू नका. दिवाणखान्यात छान दिसेल, ठेवा. आतली मोटर मात्र बऱ्याचदा खरी असते हं, ती फेकू नका, एखाद्या खऱ्या पोर्टेबलला जीवदान मिळेल.

प्रश्न : काका, मी बारावीला आहे. प्रोजेक्टसाठी विचारतेय, फोनोग्राफ आणि ग्रामोफोन एकच का? नेटवर दोन्ही एकाच फोटोखाली लिहिलेलं असतं. – एक विद्यार्थिनी, पुणे

नाही ग, वेगळे. आणि तू विचारलंस ते बरं झालं, कारण मोठी माणसं पण हा घोळ करतात. (अमेरिकेत सरसकट सगळ्यालाच फोनोग्राफ म्हणतात, तिथून तो घोळ नेटवर आलाय.)

फोनोग्राफ एडिसनचा, 1877. सुरुवातीला नळकांड्यावर कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळून त्यावर आवाज उमटवला, नंतर मेणाचे सिलिंडर आले. आपल्या पाण्याच्या ग्लासाएवढे साधारण, पोकळ. ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, 1887, त्यात सपाट तबकडी. आकाराचा फरक कोणालाही दिसतो पण खरा फरक सुई कशी हलते त्यात आहे. एडिसनच्या खाचेत आवाज खोलीत भरलेला असतो, सुई वर-खाली होते, डोंगर-दरी चढल्यासारखी. बर्लिनरच्या खाचेची खोली सारखीच असते, ती डावी-उजवीकडे नागमोडी जाते. म्हणून एकाची सुई दुसऱ्याला चालत नाही. प्रोजेक्टमध्ये ही आकृती काढ, मार्क मिळतील.

अजून एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. फोनोग्राफवर घरबसल्या रेकॉर्ड करता यायचं. वाजवायचं डोकं काढून रेकॉर्ड करायचं डोकं बसवलं, कोऱ्या मेणावर कर्ण्यातून बोललं, की झालं, आणि नको असेल तर मेण तासून पुन्हा कोरं. घरच्या ग्रामोफोनवर हे जमत नव्हतं, तबकडी कारखान्यातूनच छापून यायची, पण त्यामुळेच एकाच साच्यावरून हजारो प्रती स्वस्तात निघायच्या आणि शेवटी तबकडी जिंकली. आपल्याकडे कोलकात्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी 1906 च्या सुमारास सिलिंडरवर बंगाली गाणी काढली होती, नंतर त्यांनाही तबकडीकडेच वळावं लागलं. म्हणून महाराष्ट्रातल्या माळ्यांवर ग्रामोफोन सापडतो, फोनोग्राफ क्वचितच.

प्रश्न : इथे एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं तिथून मला एडिसनचा फोनोग्राफ मिळाला. पुढच्या बाजूला स्टँडर्ड असं लिहिलंय, एक छोटा काळा कर्णा आहे, सोबत खोक्यात तीसेक सिलिंडर, काही तपकिरी, काही काळे, काही निळे. नेमका कोणत्या सालचा कसं ओळखू? आणि वाजवू का? – एक वाचक, न्यू जर्सी

वा! तुम्ही एडिसनच्या अंगणातच राहता, त्याचा कारखाना न्यू जर्सीतच वेस्ट ऑरेंजला होता, आणि आज तिथे त्याची प्रयोगशाळा बघता येते. एकदा जाऊन या.

स्टँडर्ड मॉडेल 1898 पासून आलं, त्याच्या आधी 1896 ला होम, नंतर सगळ्यात लहान जेम, आणि मोठा ट्रायम्फ. तुमचा कोणत्या वर्षीचा हे बघायला मशीनवरची धातूची पट्टी शोधा, तिच्यावर सिरियल नंबर असतो आणि पेटंटच्या तारखांची रांग. इथे खूप लोक फसतात, शेवटची तारीख 1898 दिसली की मशीन 1898 चं समजतात. तसं नाही. त्या तारखेच्या आधीचं मशीन नाही एवढंच ती तारीख सांगते, तीच पट्टी पुढे कितीतरी वर्षं लावत होते. खरं साल सिरियल नंबरवरून निघतं, आणि नंबरच्या मागेपुढे इंग्रजी अक्षर असेल तर तेही लिहून घ्या, ते मॉडेलचं अक्षर असतं. पट्टीवर पॉलिश मारू नका हो, अक्षरं झिजतात आणि मग काहीच कळत नाही.

काळा, पितळी तोंडाचा छोटा सरळ कर्णा, चौदा इंचांच्या आसपास असेल तर तो या मॉडेलचा मूळचा असायची शक्यता चांगली आहे. नंतर लोकांना मोठे कर्णे हवे झाले, ते पेटीच्या पुढे एक उभी दांडी लावून साखळीने टांगायचे. पेटीला पुढे कंस लावल्याच्या खुणा आहेत का बघा, असतील तर मधल्या काळात कोणीतरी मोठा कर्णा वापरलेला.

आता वाजवण्याचं. थांबा! आधी सिलिंडर वेगळे करा. तपकिरी मेणाचे सगळ्यात जुने, 1902 च्या आधीचे, मऊ, त्यांच्या कडेवर काही लिहिलेलं नसतं, कोण गातंय हे सुरुवातीला बोलून सांगितलेलं ऐकूनच कळतं. काळे, बहुतेकदा कडेवर नाव कोरलेले, ते 1902 पासूनचे साच्यातले, दोन मिनिटांचे. पण काळ्यात चार मिनिटांचेही असतात, 1908 पासूनचे, त्यांची खाच दुप्पट दाट, इंचाला शंभरऐवजी दोनशे, आणि ते फार ठिसूळ. निळे 1912 पासूनचे सेल्युलॉइडचे, आतून प्लास्टरचे, चार मिनिटांचे, हे सगळ्यात दणकट. आता वाजवायच्या डोक्यावर, म्हणजे रिप्रोड्यूसरवर, अक्षर बघा. सी असेल तर तो फक्त दोन मिनिटांच्या खाचेसाठी आहे, एच चार मिनिटांसाठी, के असेल तर दोन्ही. सी लावून चार मिनिटांचा सिलिंडर वाजवला तर जाड नीलमाचं टोक बारीक खाचा नांगरत जातं. एकदाच, आणि कायमचं. शिवाय दोन-चार असा गिअर बदलायचा खटका मशीनमध्ये नसेल तर मशीन दोन मिनिटांचंच आहे, मग निळे आणि चार मिनिटांचे काळे सध्या खोक्यातच राहू द्या.

धरताना दोन बोटं सिलिंडरच्या आत घालून हलकेच फाकवायची, बाहेरून हात लावायचा नाही. पांढरी बुरशी दिसली तर घासू नका, ती मेण खाल्ल्याची खूण आहे, निघत नाही. आणि तुमच्याकडे थंडी असते, गारठलेल्या गॅरेजमधून आणून लगेच हीटरशेजारी ठेवलेला मेणाचा सिलिंडर आपोआप तडकतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय आणि तो आवाज विसरता येत नाही.

प्रश्न : वडिलांचा कर्ण्याचा ग्रामोफोन मुलीकडे लंडनला पाठवायचाय. कुरियरवाला म्हणतो काही प्रॉब्लेम नाही. खरंच नाही का? – एक वाचक, नाशिक

आहे. 1972 च्या केंद्रीय कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरातन वस्तूत धरता येते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचा किती जुना आहे ते फोटोवरून मी ठरवू नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे मशीन दाखवून 'ही पुरातन वस्तू नाही' असं प्रमाणपत्र मिळतं का बघा, ते हातात आल्याशिवाय पार्सल करू नका.

प्रश्न : घरी एचएमव्हीचा काळ्या सूटकेससारखा पोर्टेबल आहे, 102. बाबांचा. चावी दिली की चालतो पण मधे मधे धप् धप् आवाज येतो, गाणं हळू होत जातं, आवाज पण बसल्यासारखा. इथला मेकॅनिक म्हणतो स्प्रिंग बदलू आणि पेटीला नवीन रेक्झिन लावून देतो. लावू का? – एक वाचक, कोल्हापूर

रेक्झिन अजिबात नको. हे आधी.

102 हे 1931 पासून पुढे वीस-पंचवीस वर्षं बनत होतं, आणि चावीवर चालणाऱ्या पोर्टेबलमध्ये माझ्या मते यापेक्षा चांगलं मशीन कोणी केलं नाही. आपल्याकडे अजून बरेच आहेत आणि बहुतेकांना तुमच्यासारखाच त्रास असतो, स्प्रिंग तुटलेली नसते. स्प्रिंगच्या डब्यात ग्रीस असतं, ते सत्तर-ऐंशी वर्षांत घट्ट मेणचटासारखं होतं, मग पट्टीची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि सुटताना धक्का देतात. तोच तुमचा धप् धप्. डबा उघडून रॉकेलने धुऊन ग्रॅफाइटचं ग्रीस भरलं की जातो. पण हे घरी करू नका, मनापासून सांगतोय, ती काही फूट लांबीची पोलादी पट्टी दाबून भरलेली असते आणि निसटली तर बोट कापून नेते. ज्याने हे आधी केलंय असाच माणूस शोधा.

गाणं हळू होतं त्यात गव्हर्नरचाही हात असतो. तीन छोटी वजनं पातळ पट्ट्यांवर गरगर फिरतात ना, तो. त्यातली एखादी पट्टी मोडली की वेग डगमगतो. तिथे जी चामड्याची किंवा नमद्याची गादी चकतीला टेकते तिला एक थेंब शिलाई मशीनचं तेल. एकच थेंब.

आवाज बसलाय तो साऊंडबॉक्समुळे. 102 वर बहुतेक 5ए नाहीतर 5बी असतो, आत अ‍ॅल्युमिनियमची पातळ चकती, आणि तिच्या कडेला रबराच्या नळ्या. त्या रबराचं दगड झालेलं असतं. मऊ नवीन रबर घातलं की बाबांना तरुणपणी ऐकू यायचा तो आवाज परत येतो, एवढा फरक पडतो. जुन्या मॉडेलच्या साऊंडबॉक्समध्ये अ‍ॅल्युमिनियमऐवजी अभ्रकाची चकती असते, तिला चीर असेल तर खरखर येते. मागची ओतीव बॉडी भेगाळलेली असेल तर जोरात पिळून स्क्रू काढू नका, तो धातू आतून फुगतो आणि बिस्किटासारखा तुटतो.

आणि रेक्झिन का नको? माझ्याकडे एका कारागिराने न विचारता एक पेटी अशीच नवी करून दिली होती, त्यात आतल्या झाकणावरचं कंपनीचं मूळ चित्र, विकणाऱ्या दुकानाची छोटी पट्टी, सगळं गेलं. त्या पट्टीवरून मशीन कोणत्या गावात, कोणत्या दुकानातून घेतलं ते कळलं असतं. तुमच्या बाबांच्या हाताने झिजलेला कोपरा झिजलेलाच राहू द्या. ओलसर फडका, नंतर कोरडा, बास.

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत शंभरेक रेकॉर्डी आहेत, बऱ्याच नाट्यसंगीताच्या. कोकणातल्या दमट हवेने बुरशी आलीय. स्पिरिटने पुसू का? कोणत्या मौल्यवान हे कसं कळेल? सुया पण आहेत डबीभर, गंजलेल्या. – एक वाचक, रत्नागिरी

स्पिरिट लावू नका!! जुनी तबकडी लाखेची असते, आपल्याच जंगलातली लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. आणि दाराला मारायचं फ्रेंच पॉलिश कसं करतात, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच ना? तेच तुमच्या आजीच्या गाण्याचं होईल. साधं गार पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, खाचेच्या दिशेने गोल फिरवत, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून सावलीत. उन्हात ठेवली तर पापडासारखी वाकते. मग उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, खालच्या तडकतात.

गंजलेल्या सुया टाकून द्या पण डबी ठेवा, चित्राच्या डब्या जमवणारे लोक आहेत. नवीन पोलादी सुया मिळतात. एका बाजूला एक सुई, तबकडी उलटली की नवी सुई. लोकांना ही उधळपट्टी वाटते पण तबकडीतली दगडपूड मुद्दाम असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईला घासून खाचेच्या मापाची करते, आणि गाणं संपेपर्यंत सुईच्या टोकाला धार आलेली असते, ती पुढच्या तबकडीला छिन्नीसारखी लागते. आणि प्लास्टिकच्या एलपी या मशीनवर कधीच लावू नका, साऊंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, एकदा वाजवली की संपली.

मौल्यवान कोणत्या, हा प्रश्न मी जरा बदलतो, कोणत्या दुर्मीळ. आधी एक वही घ्या आणि ट्रंकेतल्या क्रमानेच प्रत्येकीची नोंद करा, गाणाऱ्याचं नाव, कंपनी, लेबलवरचा नंबर, आणि लेबलच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला नंबर. हा कोरलेला नंबर मूळ साच्याचा असतो. एचएमव्हीच्या तबकडीवर त्या नंबरनंतर छोटा त्रिकोण दिसला तर ती मायक्रोफोन लावून केलेली, म्हणजे 1925 नंतरची. त्याआधीचे गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे. एकाच बाजूला गाणं आणि दुसरी बाजू कोरी असेल तर ती फारच जुनी, साधारण 1908 च्या आधीची, ती वेगळी काढा. देवदूताचं लेबल असेल तर तीही. ओडियन लेबलवर अब्दुल करीम खाँसाहेब मिळू शकतील, आणि मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीचं 'यंग इंडिया' लेबल दिसलं तर तेही सोडू नका. ती मोठ्या कंपनीपुढे उभी राहिलेली आपली कंपनी होती, आणि तिच्यावर हौशी, नवीन गाणाऱ्यांचे आवाज सापडतात जे दुसरीकडे कुठेच नाहीत. उलट ज्या खूप खपल्या त्या घरोघरी आहेत, बालगंधर्वांच्या कितीतरी तशा आहेत, त्यांना पैसे कमी येतील पण म्हणून टाकू नका. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, यादी झाली की त्यांना दाखवा, विकायच्या आधी.

आणि एक, अगदी जुनी तबकडी वाजवली तर गाणं संपल्यावर लगेच सुई उचलू नका. 1902 ला कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कंपनीचं भारतातलं पहिलं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा साचे बोटीने जर्मनीत हॅनोवरला जायचे आणि तिथल्या कामगारांना कोणाचं गाणं ते कळावं म्हणून गाणारी माणसं शेवटी आपलं नाव सांगायची, गायिका गौहरजानने तर इंग्रजीत सांगितलंय. लेबल बुरशीने गेलेलं असलं तरी तुमच्या एखाद्या तबकडीच्या शेवटच्या दोन सेकंदांत नाव असू शकतं. ऐकलं की वहीत लिहा.